नऊ ठिपके

२६ ऑगस्ट

पुन्हा वही सुरू. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा नियम आहे की प्रयोगवहीत मतं लिहायची नाहीत, तिथे फक्त आकडे आणि तारखा. मतं मग घरी आणावी लागतात. वडील म्हणाले, "लिही, लिही. कुणी वाचत नसलं की माणूस खरं लिहितो." ते आयुष्यभर वजनमापं तपासणारे निरीक्षक होते, त्यांचा माणसांवर विश्वास बेताचाच.

परिस्थिती अशी आहे. आमचं प्रथिन स्नायूंमध्ये असतं. एकशे सदतीस मण्यांची माळ, पण गुंडाळून घट्ट गाठोडं झालेली. काही थोड्या घराण्यांत त्यातला बासष्टावा मणी जन्मतःच वेगळा निघतो. बाकी एकशे छत्तीस जिथल्या तिथे. तेवढ्याने त्या माणसांच्या मांड्या तिशीत थकायला लागतात आणि पन्नाशीत त्यांना खुर्चीतून उठवावं लागतं.

आमचं यंत्र म्हणजे दोन पुरुष उंचीचं चुंबक. त्यात पेन्सिलीहून बारीक काचनळी सोडायची, नळीत प्रथिनाचा चमचाभरही नाही एवढा द्राव. रेडिओलहरी सोडल्या की प्रत्येक मणी आपल्या सुरात उत्तर देतो आणि पडद्यावर त्याचा एक ठिपका उमटतो. प्रथिनाचा स्फटिक केला तर त्याचा नुसता फोटो मिळतो. आमच्याकडे ते हलताना सापडतं, हा आमचा मोठेपणा.

निरोगी प्रथिनाचे सगळे ठिपके दिसतात. बदललेल्यात नऊ गायब. नऊही एकाच बाजूला लोंबणाऱ्या फासातले. बाईंच्या मते तो फास सैल पडून दारासारखा उघडा राहतो, पाणी आत येऊन त्या मण्यांवरचे हायड्रोजन पळवतं, आणि ज्याचा हायड्रोजन पळाला तो उत्तर कुठून देणार? दार बंद करणारं औषध सापडलं तर नऊ ठिपके परत दिसतील. चाळीस जुनी औषधं घेतली आहेत, दुसऱ्याच रोगांवर वर्षानुवर्षं दिली जाणारी. एकवीस झाली. शून्य ठिपके.

माझी नेमणूक सप्टेंबरअखेर संपते. मुदतवाढीची समिती सोळाला बसेल. हे इथे एकदा लिहिलं, आता त्याचा विचार करणार नाही.

२९ ऑगस्ट

बाविसावं औषध घातलं. पोटाच्या कुठल्याशा तक्रारीवरची जुनी गोळी, तिची शुद्ध पूड पाण्यात विरघळवून. दुपारी पडद्यावर नऊच्या नऊ ठिपके.

मी खुर्ची मागे सरकवली आणि दाराशी जाऊन परत आले. ठिपके होते तिथेच होते. बाईंना बोलावलं. बाई कधीच "छान" म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्या पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की काचेवर वाफ धरली. मग म्हणाल्या, "पुन्हा मोज." म्हणजे छान.

मला फार आनंद झाला आहे. हे मत आहे, म्हणून इथे.

२ सप्टेंबर

पुन्हा मोजलं. तीच नळी, तेच उत्तर. नऊ.

एक बारीक गोष्ट. फासापासून लांबचे दोन ठिपकेही जागेवरून किंचित सरकले आहेत. दोन्ही हिस्टिडिनचे, म्हणजे आम्लता जरा बदलली की आधी हलणाऱ्या हळव्या मण्यांचे. औषधाचा दूरवरचा परिणामही असू शकतो. तसं असेल तर लेखात त्याला वेगळा परिच्छेद देता येईल.

नमुने तयार करणारे थेंबकाका पडदा बघायला आले होते. त्यांना सगळे थेंबकाकाच म्हणतात, कारण ते काहीही ओतत नाहीत, थेंबाथेंबाने घालतात. जिवाणू वाढवून त्यांच्याकडून प्रथिन करून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

"पीएच बघितलात का, औषध घातल्यावर?" त्यांनी विचारलं.

"द्रावात बफर आहे, काका. तो आम्लता सांभाळतो."

"बफर पातळ आहे. पूड आंबट आहे."

"बघते."

पीएच बघायलाच हवा, प्रश्न नाही. पण नळीत जाईल असा बारीक इलेक्ट्रोड जुलैत तुटला. दुसरा वरच्या मजल्यावरच्या विभागात आहे, आणि तिथल्या बाई एक वस्तू देताना चार प्रश्न विचारतात. उद्या जाते.

३ सप्टेंबर

वरच्या मजल्यावर कुणी नव्हतं.

डॉक्टरांचा फोन आला. या रोगाची सात माणसं त्यांच्याकडे आहेत, आणि मूळ नमुना त्यांच्यातल्याच एकीच्या जनुकावरून केलेला. बाईंनी त्यांना चित्र पाठवलं होतं.

"नक्की का?" ते म्हणाले.

"दोनदा मोजलंय."

"म्हणजे नक्की."

"दोनदा मोजलंय," मी पुन्हा म्हणाले. यापेक्षा काटेकोर उत्तर मला देता आलं नसतं.

ते म्हणाले की ही गोळी चाळीस वर्षं बाजारात आहे, धोका कमी, त्यांच्या अधिकारात ती देता येते. "माझ्या एक पेशंट आहेत, त्यांना तुमचं यंत्र बघायचंय. पाठवू?" मी म्हटलं, पाठवा.

५ सप्टेंबर

त्या पेशंट आल्या. शाळेत गणित शिकवतात, वय छत्तीस. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. एकतीस पायऱ्या. मागच्या वर्षापासून मुख्याध्यापकांनी त्यांना तळमजला दिला, आणि तळमजल्यावर फक्त लहान मुलं. "दहावीला भूमिती शिकवायचे मी. आता बेरीज शिकवते. हातचा एक, हातचा एक. माझा हातचा कुठे गेला देव जाणे."

चुंबकाजवळ लोखंड नेता येत नाही, म्हणून केसांच्या पिना, घड्याळ, पर्स सगळं बाहेर ठेवायला लावलं. काठी लाकडी होती, ती आत चालली. जमिनीवरच्या पिवळ्या रेषेपाशी त्या थांबल्या आणि वर बघत राहिल्या.

"यात मी आहे?"

"तुमच्यासारखं प्रथिन आहे. जिवाणूंकडून करून घेतलेलं."

"बरं झालं. माझी बाकीची कामंही त्यांनाच द्या."

मी पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. औषधाआधी, औषधानंतर. ठिपके त्यांनी स्वतः मोजले, बोट लावून, ओठ हलवत. नऊ झाल्यावर माझ्याकडे बघितलं. "हे परत आले?" मी हो म्हटलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या तो मोबाइलच्या पडद्यावर लावून टाकला, जिथे लोक मुलाबाळांचे लावतात.

थेंबकाका दारात उभे होते. त्या गेल्यावर काहीतरी बोलतील असं वाटलं, पण ते हात धुवायला गेले. त्यांना पाहुणे आवडत नाहीत.

६ सप्टेंबर

शनिवार, सुट्टी. जेवताना वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "औषधाशिवाय मोजलंस?"

"अर्थात. तेव्हा ठिपके नव्हते."

"तसं नाही. औषधाच्या जागी दुसरं काहीतरी घालून. आम्ही दुकानात गेलो की आधी आमचं वजन ठेवायचो त्याच्या काट्यावर. त्याचं वजन नाही तपासायचो, काटा तपासायचो."

मी म्हटलं, नाना, हे भाजीचं दुकान नाही. ते म्हणाले, "खरंय. भाजीवाला माणूस समोर असताना तोलतो." आणि पान चाटूनपुसून उठले. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी यांचं निरीक्षण सुटत नाही.

९ सप्टेंबर

सकाळी टेबलावर पीएचच्या कागदी पट्ट्यांची डबी. रंग बदलणाऱ्या, शाळेत असतात तसल्या. थेंबकाकांचं काम. या पट्ट्यांवर अर्ध्या अंकाचा फरकसुद्धा धड कळत नाही, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत आहे. मोजायचं तर नीट मोजावं. डबी खणात ठेवली.

बाईंनी समितीसाठी चित्र मागितलं. दिवसभर रंग ठरवण्यात गेला. आधीचे ठिपके निळे, परत आलेले नऊ तांबडे.

११ सप्टेंबर

गणिताच्या बाईंचा निरोप आला, मोबाइलवर. गोळ्या सुरू आहेत. काल त्या काठीशिवाय एकतीस पायऱ्या चढल्या. मधे एकदाच थांबल्या. "कानात सारखी शिट्टी वाजते, झोप कमी झाली आहे. डॉक्टर म्हणतात गोळीचा हा त्रास माहितीतला आहे, नको असेल तर थांबवू. मी म्हटलं, वाजू दे. ठिपके आले आहेत ना."

मी निरोप दोनदा वाचला. खरं तर तीनदा. आमच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "एका माणसाच्या पायऱ्या म्हणजे पुरावा नव्हे." पण संध्याकाळपर्यंत साऱ्या विभागाला ठाऊक होतं, म्हणजे त्यांनीच सांगितलं असणार.

थेंबकाका मात्र म्हणाले, "पाच दिवसांत? पी हळद आणि हो गोरी." कामात इतका चांगला माणूस, पण दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही असं कधी कधी वाटतं. वाईट वाटलं.

१२ सप्टेंबर

वरच्या मजल्यावर गेले. इलेक्ट्रोड होता. पण त्यांचं स्वतःचं मोजमाप चालू होतं, आणि मधेच मागणं बरं दिसलं नसतं. सोमवारनंतर देतील. मी विचारलं नाही, पण देतील.

१३ सप्टेंबर

लेखाचा मसुदा. पहिलं वाक्य सहा वेळा लिहिलं. हिस्टिडिनचा परिच्छेद काढून टाकला, लेख लांबत होता.

१६ सप्टेंबर

समिती. सात माणसं, पाण्याच्या सात बाटल्या, आणि खिडकीबाहेर गवत कापण्याचं यंत्र, त्यामुळे प्रत्येक जण ओरडून बोलत होता. तांबडे ठिपके दाखवले तेव्हा मात्र बोलणं थांबलं. एका गृहस्थांनी विचारलं, "हे तपासून घेतलंय?" मी म्हटलं, "दोनदा." बाईंनी पेशंटच्या पायऱ्यांचा उल्लेख केला, वर "पुरावा म्हणून नव्हे" असंही म्हणाल्या.

चार वाजता पत्र मिळालं. तीन वर्षांची मुदतवाढ.

वडिलांना फोन केला. "तीन?" ते म्हणाले. "म्हणजे आता घाई नाही."

१७ सप्टेंबर

आज वेळ मिळाला. सकाळी वरच्या मजल्यावरून इलेक्ट्रोड आणला. तिथल्या बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही, नुसता काढून दिला.

औषधाआधीच्या नळीचा पीएच ७.४. औषधानंतरच्या नळीचा ६.६.

इलेक्ट्रोड धुतला, पुन्हा बुडवला. ६.६.

हे का वाईट आहे ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला दुसरं काही वाटायला नको. पाणी मण्यांवरचे हायड्रोजन पळवतं, पण द्राव आंबट झाला की ही चोरी मंदावते. मग दार सताड उघडं असलं तरी मणी उत्तर देतात आणि ठिपके दिसतात. म्हणजे औषधाने दार लावलं असेलच असं नाही. नुसती आंबट पूड पडली एवढंही पुरतं. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. मी स्वतः शिकवते.

थेंबकाकांना सांगितलं, नवा नमुना हवा. त्यांनी तो शीतकपाटातून काढून दिला. तयारच होता. त्यावर त्यांच्या अक्षरात तारीख होती, ३ सप्टेंबर. त्यांना पुढची कामं आधी करून ठेवायची सवय आहे.

१८ सप्टेंबर

तीन नळ्या.

पहिली, औषध नाही, नुसत्या आम्लाने पीएच ६.६ वर आणला. नऊ ठिपके.

दुसरी, औषध घातलं, पीएच परत ७.४ केला. एकही नाही.

तिसरी, दुसरीसारखीच, औषध दुप्पट. एकही नाही.

थेंबकाका शेजारी उभे राहून बघत होते. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगत होतो. ते म्हणाले, "चहा घेणार?" मी नको म्हटलं, तरी त्यांनी आणला. मी विचारलं, "काका, तुम्ही स्पष्ट का नाही बोललात?"

"बोललो की," ते म्हणाले. "दोन तारखेला. त्यानंतर तुम्ही हो म्हणत होतात. हो म्हणणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?"

मला शरम वाटली.

१९ सप्टेंबर

बाईंना तिन्ही नळ्यांचे आकडे दिले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते वाचले. मग म्हणाल्या, "समितीला मी कळवते. नेमणुकीचं आता ते बदलणार नाहीत, पत्र निघालंय." मला ते सुचलंही नव्हतं. सुचलं नव्हतं असं वाटतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शिवी दिली, मग माफी मागितली, मग म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. मला चित्र आवडलं." गोळ्या आजच बंद करतो म्हणाले. कानातली शिट्टी जाईल का, विचारलं. "बहुतेकांची जाते."

"बहुतेक म्हणजे किती?"

"बहुतेक," ते म्हणाले. कारण मात्र पेशंटना ते सोमवारी भेटीत समजावून सांगणार होते. मी म्हटलं, चित्र मी दाखवलं होतं, कारणही मीच सांगते.

२० सप्टेंबर

शाळेत गेले. मधली सुट्टी होती. तळमजल्याच्या वर्गात त्या एकट्याच होत्या, छोट्या बाकांच्या रांगांपुढे, वह्या तपासत. काठी फळ्याला टेकवलेली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवायला सांगितल्या होत्या, का ते नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. द्राव आंबट झाला होता, ठिपके त्याने आले, औषधाने नाही. त्यांना आम्ल, हायड्रोजन वगैरे समजावू लागले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं, वर्गात थांबवतात तसं.

"म्हणजे गोळीचा उपयोग नाही."

"आमच्या मोजमापात नाही."

"पण पायऱ्या मी चढले. त्या तर मीच चढले ना?"

"हो."

"मग ते कशाने?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "काही दिवस बरे जातात, काही नाही. आशेनेही माणूस चढतो. खरंच माहीत नाही."

त्यांनी पुढची वही घेतली, एका बेरजेला बरोबरची खूण केली, दुसरीवर फुली मारली, मग पेन ठेवलं. "कानाचं?"

"बहुतेक जाईल म्हणतात."

"मुलं माझ्याशी बोलतात तेव्हा त्यांच्या मागे ती शिट्टी असते," त्या म्हणाल्या. "लहान मुलांचे आवाजही बारीक. कुणी उत्तर दिलं की मला दोनदा विचारावं लागतं. त्यांना वाटतं चुकलं." मग मोबाइल काढला, काहीतरी दाबलं, आणि उलटा करून ठेवला. "कळलं केव्हा तुम्हाला?"

"परवा."

"परवा कळलं आणि आज आलात." त्या उठायला लागल्या, बाकाला धरून. "बरं केलंत. दुसरं कुणी असतं तर झाकूनच ठेवलं असतं. लगेच सांगितलंत, त्याचं मला फार बरं वाटलं."

मी मान हलवली आणि निघाले. फाटकापर्यंत गेले. मैदानात मुलं ओरडत होती. फाटकाची कडी काढली आणि परत लावली.

परत वर्गात गेले. त्या अजून तशाच उभ्या होत्या.

"परवा कळलं, हे खरं आहे," मी म्हटलं. "पण शंका आधीच आली होती. आमच्या एकांनी विचारलंही होतं, आणि मला स्वतःलाही दिसलं होतं. मी मोजलं नाही."

"कधी?"

"दोन तारखेला."

त्यांनी हिशेब करायला वेळ घेतला नाही. "मी गोळी सहाला सुरू केली. तुमच्याकडे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी."

"हो."

"मोजायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं," मी म्हणाले.

घंटा झाली. मुलं धावत आत आली आणि आपापल्या बाकांवर बसली. गणिताच्या बाईंनी काठी घेतली, फळ्याकडे वळल्या आणि आजची तारीख लिहू लागल्या.